झेमुरियात शिरायचं कुठून?

लांबलचक रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम्सच्या, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायच्या, मालिकांचं एक बरं असतं. ‘सुरुवात कुठून करू?’ असं कुणी विचारलं की बहुतेक वेळा ‘कुठूनही कर’ असं बिनधास्त सांगता येतं. फायनल फँटसी १९८७ पासून चालू आहे, पण तिथे आकडा बदलला की सहसा जगच बदलतं. सातवा खेळायला सहावा लागत नाही. ड्रॅगन क्वेस्टचंही थोड्याफार फरकाने तेच. त्यातल्या पहिल्या तीन गेम्सचं एकमेकांशी नातं आहे, पण गोष्टीच्या हिशेबाने तिसरा सगळ्यांत आधी घडतो. म्हणूनच नव्या रूपात आणताना स्क्वेअर एनिक्स या कंपनीने २०२४ मध्ये आधी तिसरा आणला, पहिला आणि दुसरा २०२५ मध्ये. एल्डर स्क्रोल्सचं जग एकच, तरी त्यातल्या ऑब्लिव्हियन आणि स्कायरिम या गेम्सच्या मध्ये त्या जगातली दोनशे वर्षं उलटलेली आहेत. मागचं माहीत नसलं म्हणून पुढे फारसं काही अडत नाही.

ट्रेल्स या मालिकेपाशी आलं की मात्र घोडं अडतं.

निहॉन फाल्कम या जपानी कंपनीची ही मालिका. २००४ ते २०२४ या वीस वर्षांत तिचे तेरा मुख्य गेम्स जपानमध्ये आले आणि तेराच्या तेरा एकाच खंडावर, एकाच कालगणनेत घडतात. खंडाचं नाव झेमुरिया. पहिल्या गेममध्ये तिथलं १२०२ साल चालू असतं. आपल्याकडे वीस वर्षं गेली, तिथे जेमतेम सात. काळ इतका सावकाश पुढे सरकत असल्यामुळे पहिल्या गेममधली माणसं तेराव्यापर्यंत हयात आहेत, हातीपायी धड आहेत, कुणाची नोकरी बदलली आहे, कुणी देश बदलला आहे, आणि ती कधीही, कुठल्याही वळणावर समोर येऊन उभी राहू शकतात. तेव्हा कुठून सुरू करायचं याचा अर्थ इथे अगदी साधा होतो: या माणसांना तुम्हाला पहिल्यांदा कधी भेटायचं आहे?

माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते मी कुणालाही न कचरता देते. ‘ट्रेल्स इन द स्काय’ या तीन भागांच्या गोष्टीचा पहिला भाग. पर्याय विचारले तर पर्यायही सांगते, त्यांची बाजूही मांडते, पण मनातून उत्तर हलत नाही. ते का हलत नाही, हे मला इथे नीट सांगायचं आहे. ‘पहिला म्हणून पहिला’ एवढंच कारण असतं तर ते फार तकलादू ठरलं असतं. मुळात ‘स्काय’ पहिला आहे का, तर तोही नाही! लेजंड ऑफ हीरोज नावाची फाल्कमची मालिका १९८९ पासूनची आणि ‘स्काय’ जपानमध्ये आला तो तिचा सहावा गेम म्हणून. आधीच्या पाचांचं जग वेगळं. म्हणजे करणाऱ्यांनीच एके दिवशी ठरवलं की आता इथून नवं मांडायचं. आधीचे पाच कुणाच्या वाट्याला नाही आले तरी चालतं. मग हे नवं मांडलेलं तरी पहिल्यापासूनच का घ्यायचं?

सहसा दिलं जाणारं कारण म्हणजे कथानक. मागचं माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. हे अर्धंच खरं आहे. पुढच्या काही गेम्समध्ये मागची हकीकत सांगणारा वेगळा मेनूच असतो. राजे कोण, राज्यं कोणती, कुठली गुप्त संघटना कशाच्या मागे आहे, हे सगळं थोडक्यात वाचून घेता येतं. कथानकाचा गोषवारा होतो. ओळखीचा गोषवारा होत नाही, आणि ट्रेल्स ही सगळी ओळखीवर उभी असलेली मालिका आहे.

हे सांगायला टिटा रसेलचंच उदाहरण घेते.

‘स्काय’च्या पहिल्या भागात लिबर्ल नावाच्या छोट्या राज्यात झाइस हे कारखान्यांचं शहर लागतं. तिथे एका विक्षिप्त संशोधक आजोबांची नात भेटते. बारा वर्षांची, स्वतःपेक्षा मोठी वाटावी अशी तोफ घेऊन फिरणारी, यंत्र दिसलं की भान हरपणारी. लिबर्लवर दहा वर्षांपूर्वी शेजारच्या एरेबोनिया साम्राज्याने हल्ला केलेला आहे. तिथे त्याला शंभर दिवसांचं युद्ध म्हणतात. त्या युद्धाच्या खुणा राज्यातल्या प्रत्येक शहरात कुणाच्या ना कुणाच्या घरात आहेत. आपल्या नायिकेच्या घरातही आहेत. टिटा त्या मानाने लहान, तिच्या डोळ्यांत फक्त यंत्रं. आता पुढे या. मालिकेतल्याच ‘कोल्ड स्टील’ या चार भागांच्या पुढच्या गोष्टीत, तिच्या तिसऱ्या भागात, गोष्ट त्याच साम्राज्यात घडते. १२०६ साल आहे. आपण एका लष्करी शाळेच्या नव्या शाखेत शिक्षक म्हणून रुजू होतो आणि तिथल्या विद्यार्थ्यांत एक मुलगी असते. टिटा रसेल. सोळा वर्षांची.

ज्याने इथूनच सुरुवात केली आहे त्याला दिसते ती एक गोड, हुशार, तंत्रज्ञानात गती असलेली परदेशी मुलगी. त्यात चूक काहीच नाही. गेम तिची रीतसर ओळख करून देतो, कुठेही अडत नाही. पण ज्याने तिला झाइसमध्ये पाहिलेलं असतं, आजोबांसाठी तिचा उडालेला थरकाप पाहिलेला असतो, त्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की लिबर्लची मुलगी साम्राज्याच्या लष्करी शाळेत? घरच्यांनी पाठवलं कसं? तिच्याबरोबर सावलीसारखा असायचा तो लाल केसांचा तापट अ‍ॅगट आता कुठे आहे, आणि त्याने हे चालवून कसं घेतलं? हे प्रश्न पडद्यावर कुठेही लिहिलेले नसतात. ते तुमच्या आत उमटतात, कारण चार वर्षांपूर्वीची ती मुलगी तुमच्याजवळ असते. कुठल्याही मेनूतून हे मिळत नाही.

म्हणून मी म्हणते, आधी लिबर्लला जा.

आता तिथे गेल्यावर काय वाट्याला येतं तेही स्पष्ट सांगायला हवं, कारण या गेमची सुरुवात संथ आहे. सुरुवातीचं प्रकरण संपूर्ण एका गावात आणि त्याच्या आसपास घडतं. गावाचं नाव रोलेंट. एस्टेल ब्राइट ही सोळा वर्षांची मुलगी आणि तिच्याच वयाचा जोशुआ, जो पाच वर्षांपूर्वी जखमी अवस्थेत तिच्या वडिलांनी घरी आणला आणि घरचाच होऊन गेला. दोघांना ब्रेसर व्हायचं आहे. ब्रेसर म्हणजे लोकांच्या अडीनडीला धावून जाणारे, कुठल्याही सरकारशी न बांधलेले, गिल्ड नावाच्या संघटनेचे लोक. वाटेत राक्षसी प्राणी माजले, कुणाचं काही हरवलं, कुणाला सुखरूप पोचवायचं आहे, की गिल्डच्या फळ्यावर काम लागतं. त्यांची शेवटची परीक्षा म्हणजे गावाखालच्या भुयारी गटारात जाऊन पेटीतली वस्तू आणणं. वस्तू म्हणजे छोट्या डब्या. एस्टेलला लगेच उघडून बघायची घाई, जोशुआ थांबवतो. आणायला सांगितलं आहे, उघडायला नाही. परत आल्यावर कळतं की परीक्षा खरी तीच होती.

जग वाचवण्याच्या गोष्टीची ही सुरुवात! मला ती पहिल्यापासून फार आवडली. त्यानंतर गावातली दोन मुलं, ल्यूक आणि पॅट, बाहेरच्या जुन्या मनोऱ्यावर खेळायला म्हणून जातात आणि त्यांना शोधून आणावं लागतं. मग एस्टेलच्या मैत्रिणीच्या शेतात भाजी फस्त करणारे प्राणी येतात, रात्री पहारा द्यायचा, आणि पकडल्यावर त्यांचं करायचं काय हा पेच. मग खाणीतून स्फटिक आणायचं काम. वर्तमानपत्राचा एक बातमीदार आणि त्याची वेंधळी पण कॅमेऱ्यात कमालीची असलेली छायाचित्रकार, त्यांना मनोऱ्यापर्यंत सोबत करायची. सगळी कामं एवढ्याएवढ्यातली. आणि ही कामं चालू असताना गावातला एकूण एक माणूस बोलत असतो.

हे शेवटचं वाक्य मी शब्दशः लिहिते आहे. ट्रेल्समध्ये दुकानदार, पहारेकरी, बाकावर बसलेले आजोबा, हॉटेलातला प्रवासी, सगळ्यांना नावं असतात आणि गोष्ट जराशी पुढे सरकली की प्रत्येकाचं बोलणं बदलतं. इतर गेम्समध्ये दारावरचा शिपाई शेवटपर्यंत तेच एक वाक्य म्हणत राहतो. इथे सकाळी आलेली बातमी दुपारी त्याच्या कानावर गेलेली असते. मुलं हरवल्याचं गावात पसरतं, सापडल्याचंही पसरतं. त्याआधी ज्या बाईशी तुम्ही भाज्यांबद्दल बोललात ती आता मुलांच्या आईबद्दल बोलते. यातलं काहीही सक्तीचं नाही. कुणाशीही न बोलता थेट पुढच्या खुणेकडे गेलात तरी गोष्ट पुढे सरकते. पण एकदा सवय लागली की गावात परत शिरल्यावर आधी चौकशीची फेरी मारल्याशिवाय राहवत नाही. मी आजही मुख्य काम बाजूला ठेवून आधी सगळ्यांना भेटून येते.

काहींचं हे बोलणं गेम संपला तरी संपत नाही. अँटन नावाचा एक तरुण आहे. प्रेमात पडणं आणि तोंडघशी पडणं हा त्याचा उद्योग, आणि रिकी नावाचा मित्र त्याला सावरायला कायम बरोबर. मुख्य कथानकाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो लिबर्लमध्ये भेटतो आणि पुढे क्रॉसबेल नावाच्या वेगळ्याच देशात, वेगळ्या गेममध्ये, रस्त्यावर उभा असलेला दिसतो. त्याला पाहून झालेला आनंद मला एखाद्या बॉसला, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या बलाढ्य शत्रूला, हरवल्यावरही झालेला आठवत नाही. असा माणूस गेमागणिक सांभाळून पुढे न्यायचा, त्याचं वय, त्याची मनःस्थिती लक्षात ठेवायची, यामागे कुणीतरी जीव ओतून केलेलं काम आहे. फाल्कम ही काही हजारो माणसांची कंपनी नाही, अवघी साठ-सत्तर माणसांची. अशा कंपनीला दर वेळी नवं जग उभं करणं झेपणारं नसावं. मांडलेलंच जग वर्षानुवर्षं निगुतीने वाढवत नेणं, हीच मग तिची ताकद झाली असं मला वाटतं.

लढाईबद्दल थोडं. ती टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने वार करायची, आहे, आणि पडद्याच्या कडेला पुढच्या पाळ्यांची रांग दिसत राहते. त्या रांगेत काही पाळ्यांवर खुणा असतात. ती पाळी ज्याच्या वाट्याला येईल त्याचा घाव जबर बसतो किंवा त्याची जखम थोडी भरते. ती खूण शत्रूच्या नावापुढे दिसली की आपला खास हल्ला वापरून मध्येच घुसायचं आणि पाळी हिसकावून घ्यायची. त्याला एस-ब्रेक म्हणतात, आणि योग्य क्षणी तो साधला की मजा येते. जादूचं गणित आणखी छान आहे. प्रत्येकाकडे ऑर्बमेंट नावाचं खिशातल्या घड्याळासारखं यंत्र असतं, त्यातल्या खणांत क्वार्ट्झ नावाचे रंगीत खडे बसवायचे. एका ओळीत बसवलेल्या क्वार्ट्झच्या मूल्यांची बेरीज होते आणि त्या बेरजेवर कुठल्या आर्ट्स, म्हणजे जादूचे प्रकार, वापरता येतील ते ठरतं. ज्याचे सगळे खण एकाच ओळीत आहेत त्याला मोठी बेरीज जमते, ज्याच्या ओळी तुटक आहेत त्याने जादूच्या भानगडीत फार पडू नये. आधी हे किचकट वाटतं. दोन-तीन शहरं झाली की लढाईपेक्षा जास्त वेळ क्वार्ट्झ इकडचे तिकडे करण्यात जातो, आणि तो वेळ गोड लागतो.

आता पर्यायांकडे येते, कारण ते पर्याय मुळात का निर्माण झाले याची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

जपानी खेळाडूंना हे गेम्स ओळीने मिळत गेले. इंग्रजीत खेळणाऱ्यांच्या, म्हणजे आपल्या, वाट्याला ते आले तेव्हा पार क्रम विस्कटला होता. ‘स्काय’चा पहिला भाग जपानमध्ये २००४ चा, इंग्रजीत २०११ मध्ये आला, तोही पीएसपी या हातात धरून खेळायच्या गेमयंत्रावर, त्या यंत्राची सद्दी संपत आलेली असताना. आणि हा पहिला भाग कसा संपतो ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. शेवटच्या काही मिनिटांत गोष्ट अशा ठिकाणी आणून सोडलेली आहे की दुसरा भाग लगेच हाताशी हवा. तो इंग्रजीत यायला २०१५ उजाडलं. या मालिकेत मजकूर इतका असतो की अनुवाद म्हणजे डोंगर उपसण्याचं काम. त्याच २०१५ च्या डिसेंबरात ‘कोल्ड स्टील’चा पहिला भागही इंग्रजीत आला, पुढच्या वर्षी दुसरा. मधले क्रॉसबेलचे दोन गेम्स, ‘झिरो’ आणि ‘अ‍ॅझ्युअर’, जपानमध्ये २०१० आणि २०११ मध्ये येऊन गेले होते. इंग्रजीत त्यांचा पत्ताच नव्हता.

बरं, हे गेम्स नुसते मधले नव्हेत. क्रॉसबेल हे दोन बलाढ्य राष्ट्रांच्या कात्रीत सापडलेलं छोटं स्वायत्त राज्य, आणि तिथे जे घडतं ते ‘कोल्ड स्टील’च्या पहिल्या दोन भागांच्या काळातच घडतं. १२०४ साल, एकच घटना, एकदा शहराच्या आतून आणि एकदा सीमेपलीकडून. ‘कोल्ड स्टील’च्या दुसऱ्या भागात शेवटाकडे एक तुकडा आहे, ज्यात अचानक आपण क्रॉसबेलच्या गेम्सचा नायक लॉइड बॅनिंग्ज याला चालवू लागतो. जपानी खेळाडूला तो जुना सखा. २०१६ मधल्या इंग्रजी खेळाडूला तो कोण, कुठला, इतका गंभीर का, काहीच कळायला मार्ग नव्हता. ‘झिरो’ अधिकृतपणे इंग्रजीत आला २०२२ मध्ये आणि ‘अ‍ॅझ्युअर’ २०२३ मध्ये. ‘झिरो’ आणि ‘अ‍ॅझ्युअर’चा आधी चाहत्यांच्या जिऑफ्रंट या गटाने स्वतःच्या हौसेने अनुवाद केला होता आणि अधिकृत आवृत्तीत तोच पायाभूत धरला गेला. या गोष्टीचा मला फार अभिमान वाटतो. कुणीही सांगितलेलं नसताना लाखो शब्द भाषांतरित करायला बसायचं ते फक्त लॉइडला भेटायला मिळावं म्हणून.

तर सांगायचं असं, की अनेक वर्षं ‘कोल्ड स्टील’पासून सुरुवात करा असा सल्ला दिला जायचा त्याला सबळ कारण होतं. सहज मिळणारा, थ्रीडी, नव्या कन्सोलवरचा तोच होता. लष्करी शाळा, ‘क्लास सेव्हन’ नावाची तुकडी, महिन्याकाठी एक दौरा, सुट्टीच्या दिवशी वर्गमित्रांशी गप्पा. ओढ लावणारी मांडणी आहे यात शंका नाही. नायक रीन श्वार्झर आणि त्याचे सोबती आपलेसे वाटतातच. पण ‘कोल्ड स्टील’चे तिसरा आणि चौथा भाग मागच्या सगळ्यांची देणी चुकती करायला बसलेले आहेत. लिबर्लचे येतात, क्रॉसबेलचे येतात, आणि प्रत्येकाच्या येण्याला संगीत वाजतं, क्षणभर सगळे थांबतात. नव्या माणसाला ते नुसतं बघत बसावं लागतं. चौथ्या भागात तर ही गर्दी इतकी होते की ज्याला निम्मे चेहरे अनोळखी आहेत त्याचा जीव कंटाळून जाईल.

क्रॉसबेलपासून सुरू केलं तर? हा पर्याय मला ‘कोल्ड स्टील’पेक्षा जवळचा वाटतो. ‘झिरो’ हा एका शहराचा गेम. पोलीस खात्यात नव्याने निघालेला एक विभाग, ज्यावर शहराचा विश्वास नाही आणि वरिष्ठांचाही फारसा नाही. चार जण मिळून तो विश्वास कमावतात. गल्लीबोळ, बाजार, मागच्या दाराने चालणारं राजकारण, कायदा असून हात बांधलेले असण्याची चीड. शहर म्हणून इतकं भरीव काही या मालिकेत दुसरं नाही. अडचण एकच आहे. ‘झिरो’च्या पोटात रेन नावाच्या मुलीची गोष्ट आहे. ती ‘स्काय’च्या दुसऱ्या भागात सुरू होते, तिसऱ्यात खोल जाते आणि क्रॉसबेलमध्ये येऊन ठेपते. एस्टेल आणि जोशुआ तिच्यासाठीच या शहरात आलेले असतात. त्या भेटीच्या प्रसंगी माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि ती भेट कुणी पहिल्यांदा पाहत असताना त्याला ही तिघं कोण हेच ठाऊक नसावं, हे मला बघवत नाही.

उरला ‘डेब्रेक’ हा मालिकेतला नंतरचा गेम. जपानमध्ये २०२१ चा, इंग्रजीत २०२४ चा. नवा देश, कॅल्वर्डचं प्रजासत्ताक. नवा नायक, व्हॅन आर्कराइड. तो वयाने मोठा, कायद्याच्या कडेकडेने कामं घेणारा. नव्या माणसाला आत घेण्याचा इतका प्रामाणिक प्रयत्न मालिकेने ‘स्काय’नंतर प्रथमच केला आहे. ज्याला संथ सुरुवात अजिबात सोसत नाही, ज्याला आधी हे जग आपल्याला मानवतं का एवढंच चाचपून पाहायचं आहे, त्याला मी ‘डेब्रेक’साठी नाही म्हणत नाही. मात्र आवडला तर पुढे दुसऱ्या भागाकडे न जाता तिथेच थांबावं आणि मागे लिबर्लला यावं, कारण त्यापुढे जुन्या माणसांची वर्दळ पुन्हा सुरू होते.

२०२५ पर्यंत ‘स्काय’ सुचवताना एक गोष्ट पुढे करून सांगावी लागायची, की चित्रं जुनी आहेत, चालवून घे. सपाट चिमुकली माणसं, वरून दिसणारी गावं. मला ती अजून सुंदर वाटतात, पण सगळ्यांना वाटावीत असा आग्रह कसा धरायचा? १९ सप्टेंबर २०२५ ला पहिल्या भागाचा रिमेक आला, जपानी आणि इंग्रजी एकाच दिवशी. ज्या मालिकेत इंग्रजी खेळाडूने वर्षानुवर्षं वाट पाहिली तिच्यात हे घडावं याचं मोल मोठं आहे. आता एस्टेलच्या मागून चालत रोलेंटच्या रस्त्याने जाता येतं, घरं खऱ्या उंचीची आहेत, शेतं पसरलेली आहेत. वाटेतल्या किरकोळ प्राण्यांना थेट झटपट लढाईत उडवता येतं आणि मोठ्या प्रसंगी पाळ्यांच्या लढाईत शिरता येतं. गोष्ट तीच, माणसं तीच, सगळ्यांची बदलती बोलणीही तशीच राखलेली.

रिमेक की जुना? नव्या माणसाने रिमेक घ्यावा. जुन्याच्या इंग्रजी आवृत्तीत एक खास गोडवा आहे. उदाहरणार्थ, उघडून रिकामी झालेली पेटी पुन्हा उघडली की दर पेटीला वेगळं, खट्याळ वाक्य येतं. कुणा अनुवादकाने केवळ हौसेखातर त्या शेकडो ओळी लिहिल्या असणार. पण हा गोडवा परतून आल्यावर चाखता येतो. पहिल्या भेटीत माणसं जितकी स्पष्ट दिसतील तितकं बरं. ज्यांचा संगणक जुना आहे किंवा ज्यांना त्या जुन्या चित्रांचीच ओढ आहे त्यांनी खुशाल २०१४ ची पीसी आवृत्ती घ्यावी. ती साध्यासुध्या यंत्रावर चालते आणि लढायांना वेग देणारा टर्बोही तिच्यात आहे. फक्त तो लढायांपुरताच ठेवा, संवादांना लावू नका.

खेळताना आणखी एक. साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरची कामं, सगळे घ्या. काहींना मुदत असते, गोष्ट पुढे सरकली की ते फळ्यावरून निघून जातात, म्हणून नव्या ठिकाणी पोचलं की आधी गिल्डमध्ये जायचं. वर्तमानपत्र मिळालं तर विकत घेऊन वाचा, आणि मध्येच हाताला लागणारं ‘कार्नेलिया’ या कादंबरीचं प्रकरणही वाचा. गेममधल्या जगात लिहिलेली ती कादंबरी तुकड्यातुकड्यांनी मिळते. पण एकही तुकडा सुटू नये म्हणून बाजूला मार्गदर्शिका उघडून प्रत्येक पावलाला तिच्यात बघत खेळू नका. त्याने गावं हिशेबाच्या वहीसारखी होतात. काही सुटलं तर सुटू दे. चाळीसेक तासांचा हा प्रवास आहे, आणि रोलेंटमधून बाहेर पडायची घाई नसलेल्या माणसालाच तो सगळा मिळतो.

पहिला संपला की दुसरा भाग लगेच सुरू करा. मध्ये दुसरं काही घेऊ नका. रिमेकमध्ये दुसरा भागही जाहीर झालेला आहे, पण त्याच्यासाठी थांबून राहण्यापेक्षा जुना दुसरा भाग घ्यावा असं माझं मत आहे. चित्रं पुन्हा चिमुकली होतील, पहिला तासभर डोळ्यांना खटकेल, मग एस्टेल बोलू लागेल आणि विसरायला होईल. त्यानंतरचा ‘थर्ड’, म्हणजे ‘स्काय’चा तिसरा भाग, पुष्कळ जण गाळतात, कारण त्यात नायक वेगळा, केविन ग्रॅहम नावाचा पाद्री, आणि रचना दरवाज्यांची: एकेक दार उघडायचं आणि आत कुणा एकाच्या आयुष्यातला एकेक प्रसंग बघायचा. तो गाळू नका. रेनचं पूर्वायुष्य त्यातल्या एका दारामागे आहे. एका लहान मुलीवर झालेल्या अत्याचाराची ती हकीकत आहे आणि ती फार जड आहे. ते दार उघडणं सक्तीचं नाही. मन थाऱ्यावर असेल तेव्हाच उघडा. त्यानंतर ‘झिरो’, मग ‘अ‍ॅझ्युअर’, मग ‘कोल्ड स्टील’चे चारही, आणि तिथपर्यंत आलेल्या माणसाला पुढे कुठे जायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.